तिथी एकच, मग श्राद्धाचा दिवस पुण्यात २६ आणि न्यू जर्सीत २५ कसा?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा आहे. आपले वडील १७ आणि १८ डिसेंबर २०२३ यांच्या मधल्या रात्री २ वाजून १० मिनिटांनी पुण्यात निवर्तले. मृत्यूच्या दाखल्यावर १८ तारीख आहे, म्हणून आपल्या बंधूंनी दिनदर्शिकेतला १८ चा चौकोन पाहून मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी धरली. आत्याबाईंचे म्हणणे असे की, सूर्योदय होईपर्यंत दिवस १७ चाच असतो, म्हणून तिथी पंचमी. पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, बंधूंनी चंपाषष्ठी पाहून ७ डिसेंबरला श्राद्ध केले. गुरुजी मात्र ६ सांगत होते. आता २०२५ साठी पुण्यातले गुरुजी २६ नोव्हेंबर सांगतात आणि आपल्या न्यू जर्सीतले २५. आपण शेवटी विचारले आहे की, यांतले कोणते पंचांग चुकीचे आहे.

मी पौरोहित्य करतो आणि पंचांगाचे गणितही जमेल तेवढे स्वतः पडताळून पाहतो. माझे उत्तर असे की, यांतले कोणतेच पंचांग चुकीचे नाही. आपल्या घरात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच प्रश्नाच्या रूपाने विचारले जात आहेत आणि त्यामुळे प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याला चुकीचे वाटते आहे. मृत्यूच्या क्षणी तिथी कोणती होती, हा पहिला प्रश्न. त्या तिथीचे श्राद्ध दिवसाच्या कोणत्या भागात करायचे, हा दुसरा. आणि तो भाग कोणत्या गावाच्या सूर्योदयावरून मोजायचा, हा तिसरा. घराण्याचा आचार, शाखा, मृत्यू अधिक मासात झाला की निज, म्हणजे नेहमीच्या, मासात, यांमुळे तपशील बदलतात आणि तिथे आपल्या घरच्या याज्ञिकांचाच शब्द अंतिम मानावा. पण या तीन प्रश्नांची फोड सर्वांना सारखीच लागू आहे.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील बारा अंशांचे अंतर. अमावास्या संपते त्या क्षणी हे अंतर शून्य असते. ते बारा अंश झाले की प्रतिपदा संपते, साठ अंश झाले की पंचमी संपते आणि षष्ठी लागते. या व्याख्येत सूर्योदय नाही, मध्यरात्र नाही आणि गावही नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी हे अंतर भारतीय वेळेनुसार सायंकाळी ५ वाजून ३३ मिनिटांनी साठ अंश झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून १३ मिनिटांनी बहात्तर अंश झाले. मधल्या काळात जगात कोठेही तिथी विचारली असती, तरी उत्तर षष्ठी हेच आले असते. रात्री २ वाजून १० मिनिटे ही वेळ या मर्यादेत अगदी आत बसते, म्हणून वडिलांची मृततिथी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. याबद्दल शंका ठेवण्याचे कारण नाही.

बंधूंचे उत्तर अशा रीतीने बरोबर आले, पण त्यांची रीत बरोबर नव्हती आणि हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण हीच रीत घरातल्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत चुकीचे उत्तर देईल. दिनदर्शिकेच्या चौकोनात ठळक छापलेली तिथी ही त्या दिवशीच्या सूर्योदयाला असलेली तिथी असते. रात्री दोन वाजता १८ तारखेचा सूर्योदय अजून व्हायचा होता. त्या वेळेला लागू असलेली ओळ १७ तारखेची होती. त्या ओळीत पंचमीपुढे १७ वाजून ३३ मिनिटे असा आकडा असतो. हा आकडा तिथी संपण्याचा असतो, सुरू होण्याचा नव्हे. अनेक सुशिक्षित माणसेही तो उलट वाचतात. म्हणजे ५ वाजून ३३ मिनिटांपर्यंत पंचमी आणि पुढे षष्ठी. मध्यरात्रीनंतर संपणारी तिथी काही पंचांगांत २५ किंवा २७ तास अशा आकड्यांनी दाखवतात, तर काही ठिकाणी ‘उत्तररात्री’ असे लिहितात. दोहोंचा अर्थ एकच: पुढचा सूर्योदय होईपर्यंत आपण मागच्याच ओळीत आहोत.

आत्याबाईंच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण ते वाराबद्दल. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. दाखल्यावर सोमवार लिहिला असला तरी पंचांगाच्या दृष्टीने ती रविवारची रात्र होती. वार सूर्योदयाला बदलतो, तारीख मध्यरात्री बदलते आणि तिथी मात्र दिवसाच्या वा रात्रीच्या कोणत्याही क्षणी बदलते. घरात जन्म किंवा मृत्यू झाल्यास घड्याळातील नेमकी वेळ आणि गाव लिहून ठेवावे, असे मी प्रत्येक यजमानाला सांगतो. तिथी मागाहून कधीही काढता येते, वेळ विसरली तर ती परत मिळत नाही.

तिथी सूर्योदयाशी बांधलेली नसल्यामुळेच तिची लांबीही स्थिर नसते. चंद्र पृथ्वीजवळ असताना वेगाने जातो आणि बारा अंशांचे अंतर लवकर कापतो. दूर असताना मंद चालतो. आपल्या वडिलांच्या वेळची षष्ठी २१ तास ४० मिनिटांची होती, तर २०२५ मधील मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी २५ तासांहून थोडी मोठी आहे. जुन्या ज्योतिषांचे ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे सूत्र हेच सांगते: साठ घटकांच्या अहोरात्रापेक्षा तिथी पाच घटकांनी वाढू शकते किंवा सहा घटकांनी घटू शकते. घटका म्हणजे २४ मिनिटे. प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या आजच्या गणिताने ही मर्यादा अधिक रुंद आहे, सुमारे सात घटकांची वृद्धी आणि दहा घटकांचा क्षय. एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते आणि एखादी एकाही सूर्योदयाला नसते, त्यामागचे कारण हेच.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरी गाठ येथे आहे. ‘सूर्योदयाला असलेली तिथी दिवसभर धरावी’ हे वाक्य इतके रूढ झाले आहे की तो सार्वत्रिक नियम वाटू लागला आहे. तो तसा नाही. धर्मशास्त्राने प्रत्येक कर्माला दिवसाचा एक काळ नेमून दिला आहे आणि तिथी त्या काळात असली पाहिजे, असे सांगितले आहे. गणेशचतुर्थी आणि रामनवमीला मध्याह्न पाहतात, विजयादशमीला अपराह्न, लक्ष्मीपूजनाला प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ, जन्माष्टमी व महाशिवरात्रीला निशीथ म्हणजे मध्यरात्रीचा मुहूर्त. संकष्टीला तर चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी, आणि म्हणूनच मुंबई व नागपूर यांच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या छापाव्या लागतात. वार्षिक श्राद्ध हे अपराह्नातले कर्म आहे.

अपराह्न म्हणजे ‘दुपारनंतर केव्हातरी’ नव्हे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच समान भाग करतात: प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्न, सायाह्न. प्रत्येक भाग तीन मुहूर्तांचा, म्हणजे दिवसाचे पंधरा मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा असे आपण पाठ केलेले असते, पण दिवस आणि रात्र समान असतील तेव्हाच ते खरे असते. दिनमान लहान झाले की दिवसाचा मुहूर्तही लहान होतो. महाराष्ट्रात हा फरक फारसा जाणवत नाही. न्यू जर्सीत मात्र डिसेंबरच्या अखेरीस दिवसाचा मुहूर्त सुमारे ३७ मिनिटांचा आणि जूनच्या अखेरीस सुमारे ६० मिनिटांचा होतो. परदेशातील मंडळी भारतातील अपराह्नाची वेळ तशीच्या तशी आपल्या घड्याळात शोधतात, तेव्हा गणित येथेच बिघडते.

आता २०२४ पाहू. त्या वर्षी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी ६ डिसेंबरला भारतीय वेळेनुसार दुपारी १२ नंतर थोड्याच वेळात लागली आणि ७ डिसेंबरला सकाळी ११ च्या सुमारास संपली. पुण्यात त्या दिवसांत अपराह्न साधारण १ वाजून ३२ मिनिटांपासून पावणेचारपर्यंत होता. ६ तारखेचा संपूर्ण अपराह्न षष्ठीत होता. ७ तारखेच्या अपराह्नात षष्ठी अजिबात नव्हती, तेव्हा सप्तमी चालू होती. चंपाषष्ठीचा उत्सव मात्र ७ ला होता, कारण त्यासाठी सूर्योदयाला षष्ठी असलेला दिवस घेतला गेला. जेजुरीला भंडारा उधळला जात होता तो दिवस चंपाषष्ठीचाच होता आणि तरीही षष्ठीच्या श्राद्धाचा दिवस आदल्या दिवशी होऊन गेला होता. आपले गुरुजी ६ सांगत होते ते यासाठी.

२०२५ मधील परिस्थिती अधिक बोधप्रद आहे. भारतीय वेळेनुसार षष्ठी २५ नोव्हेंबरला रात्री १० वाजून ५६ मिनिटांनी लागते आणि २७ तारीख लागून मिनिट होताच संपते. पुण्यात २६ तारखेचा अपराह्न सुमारे दीड ते पावणेचार हा आहे आणि तो पूर्णपणे षष्ठीत येतो. म्हणून बंधूंसाठी २६ नोव्हेंबर, आणि तेथे दुसरे मत होण्याचे कारण नाही.

न्यू जर्सीचे घड्याळ हिवाळ्यात भारतापेक्षा साडेदहा तास मागे असते. उन्हाळी वेळेत हा फरक साडेनऊ तासांचा असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो बदलतो, हे विसरू नये. तेच दोन क्षण आपल्या घड्याळात मांडले, तर षष्ठी २५ नोव्हेंबरला दुपारी १२ वाजून २६ मिनिटांनी लागते आणि २६ ला दुपारी १ वाजून ३१ मिनिटांनी संपते. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्योदय ७ ला काही मिनिटे कमी असताना आणि सूर्यास्त साडेचारच्या सुमारास होतो, म्हणजे दिनमान सुमारे ९ तास ३५ मिनिटे. त्याचा पाचवा भाग ११५ मिनिटे. सूर्योदयात असे तीन भाग मिळवले की अपराह्न १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास सुरू होतो आणि २ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास संपतो. २५ तारखेला षष्ठी अपराह्नाच्या आधीच लागलेली आहे, म्हणजे ११५ च्या ११५ मिनिटांत ती आहे. २६ तारखेला ती पावणेदोन वाजायच्या आतच संपते, म्हणजे अपराह्नाची जेमतेम ४९ मिनिटे तिला मिळतात. तिथी दोन्ही दिवशी अपराह्नाला स्पर्श करत असेल तर जास्त व्याप्ती असलेला दिवस घ्यावा, असा निर्णय आहे. म्हणून आपल्यासाठी २५ नोव्हेंबर. आपल्या गुरुजींनी सांगितलेला दिवस पूर्णपणे योग्य आहे.

तिथी दोन्हीपैकी एकाही दिवशी अपराह्नात सापडत नसेल, म्हणजे आदल्या दिवशी अपराह्न संपल्यावर लागून दुसऱ्या दिवशी तो सुरू होण्यापूर्वी संपत असेल, तर पहिला दिवस घेतात. दोन्ही दिवशी व्याप्ती समान असल्याचे प्रसंग क्वचित येतात आणि तेथे तिथीची वृद्धी आहे की क्षय हे पाहावे लागते. ते याज्ञिकांवर सोपवावे.

‘वडील पुण्यात गेले, मग श्राद्धाचा दिवसही पुण्याचाच का नको?’ असा प्रश्न मला परदेशातील यजमान नेहमी विचारतात. मृत्यूचे गाव तिथी ठरवण्यापुरते लागते, कारण मृत्यूची वेळ त्या गावच्या घड्याळात नोंदलेली असते. कर्म मात्र कर्त्याच्या ठिकाणी होते. संकल्पाचा आरंभच देशकालाच्या उच्चाराने होतो: पुण्यात आपण ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतो, अमेरिकेत ते म्हणता येत नाही. ज्या भूमीचे नाव घेऊन संकल्प सोडायचा, तिच्याच सूर्याने अपराह्न ठरतो. पुण्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन असतात. त्या वेळी पिंडदान करणे कोणत्याही आचारात बसणार नाही. आपण दोघे बंधू दोन तारखांना श्राद्ध कराल, पण दोघेही षष्ठीच्याच अपराह्नात कराल.

हाच विचार दिवाळीलाही लागू पडतो. २०२४ मध्ये आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. मुंबईत १ तारखेला सूर्यास्त ६ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास झाला, म्हणजे सूर्यास्तानंतर अमावास्या अकराएक मिनिटे होती. नागपुरात सूर्यास्त सुमारे पंचवीस मिनिटे आधी होतो, म्हणून तेथे ती अर्ध्या तासाहून अधिक होती. दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या वचनाला धरून महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर ती किमान एक घटका तरी असली पाहिजे, असे मानणाऱ्यांचा ३१ ऑक्टोबरचा आग्रह होता आणि काशीकडे तोच दिवस धरला गेला. माझे मत महाराष्ट्रातील पंचांगांच्या बाजूचे आहे, पण दुसऱ्या बाजूलाही शास्त्राधार आहे, हे मान्य केले पाहिजे. न्यू जर्सीत मात्र हा वाद उद्भवलाच नाही: तेथे अमावास्या ३१ ला सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी लागून १ तारखेला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी संपली, त्यामुळे प्रदोष एकाच दिवशी, ३१ ला, मिळाला.

दोन पंचांगांत तिथीच्या वेळेचा फरक का पडतो, हेही आपण विचारले आहे. महाराष्ट्रात दीर्घकाळ पंचांगे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला आणि त्याचे गणित सोपे असल्यामुळे तो घरोघरच्या जोशांच्या हाती गेला. चंद्राची गती मात्र त्यातील कोष्टकांपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून आधुनिक वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले आणि पुढे लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा प्रश्न हाती घेतला. जुन्या पद्धतीचे आणि दृक्‌प्रत्ययी, म्हणजे आकाशाशी जुळणारे, पंचांग यांत तिथी संपण्याच्या वेळेत कधी कधी काही तासांचा फरक पडतो. चंद्र आकाशात जेथे दिसतो तेथे तो कागदावरही असावा, असे माझे ठाम मत आहे. शास्त्रकार तिथीचा एवढा सूक्ष्म विचार करतात, तो चुकीच्या चंद्रावर करण्यात अर्थ नाही. आज आपल्याकडे प्रचलित असलेली बहुतेक पंचांगे दृक्‌प्रत्ययीच आहेत.

येथे एक गैरसमज दूर करतो. टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा यासाठी वजा करायच्या अंतरात, सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणून तिथीही वेगळ्या असणार असे अनेकांना वाटते. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्या स्थानांची वजाबाकी आहे आणि दोघांतूनही अयनांश सारखाच वजा होतो, म्हणून तिथीवर त्याचा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो नक्षत्रावर, संक्रांतीवर आणि त्यामुळे कधी कधी अधिक मासावर. दोन दृक्‌प्रत्ययी पंचांगांत तिथीची वेळ तासाभराने वेगळी दिसली, तर बहुधा गावाची किंवा उन्हाळी वेळेची नोंद चुकलेली असते. सूर्योदयात तीन-चार मिनिटांचा फरक दिसला तर तो दोष नव्हे; कोणी सूर्यबिंबाची वरची कड दिसण्याचा क्षण घेतो, कोणी बिंबाचा मध्य खऱ्या क्षितिजावर येण्याचा.

मोबाइलवरील पंचांग वापरणार असाल तर त्यात प्रथम आपले गाव न्यू जर्सीतले आहे ना, हे पाहावे. गावाची नोंद पुण्याची राहिली तर तिथीची वेळ भारताची आणि सूर्योदय मनात न्यू जर्सीचा, अशी सरमिसळ होते. तिथी लागण्याची आणि संपण्याची वेळ, तसेच गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त, एवढे चार आकडे कागदावर लिहिले की वरचे गणित आपण स्वतः पाच मिनिटांत करू शकाल आणि गुरुजींशी बोलताना ते हाताशी राहील.

२०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे त्यानंतरचे महिने पुढे ढकलले जातील आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी नोव्हेंबरच्या अखेरीस न येता डिसेंबरच्या मध्यावर येईल. मागच्या वर्षाच्या तारखेवरून अंदाज बांधून रजा मागू नये. ज्यांचा मृत्यू नेहमीच्या महिन्यात झाला आहे, त्यांचे वार्षिक श्राद्ध त्याच नावाचा अधिक मास आला तरी निज मासात करण्याची आपल्याकडे रीत आहे. आपला मार्गशीर्ष असल्यामुळे त्या वर्षी तो प्रश्न उद्भवत नाही.

बंधूंनी २०२४ मध्ये ७ डिसेंबरला केलेल्या श्राद्धाबद्दल आपल्या मनात रुखरुख दिसते. ते श्रद्धेने झाले आहे आणि ते पुन्हा करण्याची गरज मला वाटत नाही. तरीही बंधूंच्या मनाला लागून राहिले असेल, तर चुकलेल्या तिथीच्या श्राद्धासाठी अमावास्या हा शास्त्राने दिलेला काळ आहे, आणि भाद्रपद वद्य पक्षात महालय करताना किंवा सर्वपित्री अमावास्येला वडिलांचे नाव घेऊन विशेष तर्पण करता येईल. याविषयी त्यांनी पुण्यातल्या आपल्या गुरुजींशी बोलावे, आणि आपण २५ नोव्हेंबरला दुपारी पाऊण वाजता बसण्याची तयारी ठेवावी.